सभासद वेंकोबाराव

वेंकोबाराव सभेत कुणाचेच मामा नसत. एरवी थोरल्या भावाला ते वाकून नमस्कार करायचे. पण सभा सुरू झाली की, "सभासद कृष्णाजीराव, आपली पाळी आली नाही, खाली बसा," असे सर्वांदेखत सांगायचे. कृष्णाजीराव मुकाट्याने बसायचे.

तंजावरातल्या आम्हा मराठी घरांची ही सभा. तिरुवैयारूला कावेरीकाठी तिचा मंडप होता, दिवसकार्यांसाठी. सभेचे एकवीस नियम वेंकोबारावांनीच लिहिले होते. सरकारी कचेरीतून निवृत्त झाल्यापासून तेच सभेचे चिटणीस होते.

माझे वडील वारले तेव्हा मी मुलींच्या शाळेत नुकतीच शिक्षिका झाले होते. घरी आई आणि मी. भाड्याच्या घरात दिवस करायला मालकाने नकार दिला, म्हणून मी मंडप मागितला. वेंकोबाराव स्वतः घरी आले. उंबऱ्याशी उभे राहून म्हणाले, "कमळा, सभासद गेला की सभासदत्व थोरल्या मुलाकडे जाते, असा नियम आहे. तुझ्या वडिलांना मुलगा नाही. मंडप सभासदालाच मिळतो, तुला देता येत नाही."

"हा नियम कुणी लिहिला, मामा?"

"मीच. लिहिताना मुलींचा विचार मनात आला नाही. चूक माझी."

"मग एवढ्यापुरता बाजूला ठेवा."

"आज तुझ्यासाठी मी मोडला, तर उद्या दुसरा कुणी तुझ्याविरुद्ध मोडील. मोडायचा नाही, बदलायचा. वेळ लागेल."

वडिलांचे दिवस शेवटी वेंकोबारावांच्याच घरी झाले. त्यांनी पुढची खोली रिकामी करून दिली. पापनाशमच्या माझ्या चुलतभावाने क्रिया केली. तेरा दिवस मामी आईजवळ बसून होत्या. तरी माझा राग गेला नाही. निघताना मी मामांना नमस्कारसुद्धा केला नाही.

त्या वर्षीच्या सभेत 'मुलगा' खोडून 'अपत्य' घालावे, असा ठराव त्यांनी मांडला. दोन तृतीयांश मते लागत. निम्मीही पडली नाहीत. "मुली लग्न होऊन परघरी जातात, त्यांना सभासदत्व कशाला?" असे कृष्णाजीरावच म्हणाले. दुसऱ्या वर्षी एक मत कमी पडले. मधल्या काळात वेंकोबाराव घरोघर जात. कुणी चिडून बोलले तरी ऐकून घेत.

तिसऱ्या वर्षी ते तापाने अंथरुणाला खिळले होते. हजर नसलेल्याचे मत धरायचे नाही, हाही त्यांचाच नियम. "तुम्ही चिठ्ठी द्या, आम्ही चालवून घेऊ," असा निरोप आला. त्यांनी जटका, म्हणजे घोडागाडी, मागवला आणि त्यातून सभेला आले. मी सभासद नव्हते, म्हणून दाराबाहेर उभी होते. कृष्णाजीरावांनी त्यांना धरून आत नेले. मते मोजताना स्वतः कृष्णाजीरावांचा हात वर होता. ठराव मंजूर झाला; आधी वारलेल्या सभासदांच्या मुलींनाही लागू झाला. वेंकोबाराव बाहेर आले तेव्हा मी प्रथमच त्यांच्या पाया पडले.

माझ्या पहिल्याच सभेत त्यांचा ठराव होता, की नियमावली फक्त देवनागरीत ठेवावी. "लिपी गेली की आपण गेलो," ते म्हणाले.  मी मग उठले.

"माझ्या शाळेतल्या आपल्या मुलींना मराठी कळते, देवनागरी वाचता येत नाही. ज्यांना नियम वाचताच येत नाही, त्यांनी तो बदलायचा तरी कसा? तमिळ अक्षरांतही प्रत असावी."

मते पडली. एका मताने त्यांचा ठराव पडला. ते एक मत माझे होते, हे सगळ्यांना ठाऊक होते. त्यांनी वही पुढे ओढली, 'ठराव नामंजूर' असे स्वतःच्या हाताने लिहिले आणि म्हणाले, "सभासद कमळाबाई, आपले म्हणणे नोंदले आहे."

चार दिवसांनी ते घरी आले, हातात कोरी वही घेऊन. "तमिळ अक्षरांत 'भ' नाहीच, तो कसा दाखवायचा, कमळा?"

"'प' लिहा, मामा. मुली बरोबर वाचतील."

"सभेचा 'भ' 'प' करून?" क्षणभर त्यांना ते सोसले नाही. मग चष्मा पुसून त्यांनी लिहायला घेतले.

कार्तिकात ते गेले. ती वही अजून सभेत आहे. अकराव्या नियमापर्यंत अक्षर त्यांचे आहे, पुढचे माझे.