परवाचं विसरून जा

मराठी माणसाला काळाची दिशा कळत नाही, याचा पुरावा माझ्या फोनमध्ये आहे. म्हणजे होता. मी तो पुसला आणि घोटाळा तिथूनच वाढला. आपण गेलेल्या दिवसालाही ‘परवा’ म्हणतो आणि येणाऱ्या दिवसालाही. ज्या पूर्वजाने हा शब्द काढला त्याला एक तर बहीण नसावी, नाहीतर फोन नसावा.

रविवारी लेकीच्या सासरची होऊ घातलेली मंडळी शनिवार पेठेत आमच्याकडे आली होती. हडपसरहून माझी थोरली बहीण डबाभर रव्याचे लाडू घेऊन आली. समोर चार माणसं ऐकायला बसली की मला राहवत नाही. मी सांगून टाकलं, की ताईचा लाडू फोडायला एकदा मार्केट यार्डातून दोन हमाल आणावे लागले आणि त्यातला एक अजून रजेवर आहे. सगळे खो खो हसले. ताई हसली नाही. तिने पर्स उचलली आणि चालती झाली.

साखरपुडा गुरुवारी. लेकीने मला ऐकवलं, “आत्या नाही तर अंगठी नाही, बाबा. तुमचं तुम्ही बघा.”

मी दोन दिवस शब्द जुळवले आणि मंगळवारी सकाळी धीर करून ताईला लिहिलं: ‘परवाचं विसरून जा. मनात काही ठेवू नकोस.’ मला म्हणायचा होता रविवार. उत्तर आलं, ‘बरं.’ पुढे पूर्णविराम. एवढा वजनदार पूर्णविराम मी जन्मात पाहिला नव्हता. त्याच्या भाराने फोन एका अंगाला कलला.

बायकोने चष्मा लावून वाचलं. “अहो, परवा साखरपुडा आहे. तुम्ही त्यांना येऊ नका म्हणून कळवलंत.”

मी घाईघाईने मेसेज पुसला. तर ताईच्या फोनवर, मेसेज काढून टाकला आहे, अशी पाटी लागली. म्हणजे पुसल्याचीही खूण राहते!

स्कूटर काढली. इतके सिग्नल लागले की निघताना केलेली दाढी हडपसरला पोचेपर्यंत बोटभर वाढली. वाटेत दोनदा उलट्या दिशेने घुसलो. पुण्यात रस्त्यावर उलटं जाता येतं. रविवारात कसं घुसायचं?

दार मेव्हण्यांनी उघडलं. ते कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवून निवृत्त झालेत, पण थांबलेले नाहीत. ताई माझ्याकडे पाठ करून कणीक तिंबत होती.

“आधी ये म्हणायचं, मग येऊ नको म्हणायचं, मग तेही पुसायचं,” ती कणकेला म्हणाली. “छान.”

“अगं ताई, मागचा परवा! पुढचा नव्हे!”

कणीक थांबली. पुन्हा सुरू झाली, जोरात. “आणि मागचं तरी मी का विसरू? बोलायचं तू आणि विसरायचं मी?”

मी मेव्हण्यांकडे वळलो. “भाऊजी, तुमच्या शास्त्रात मागे जायची काही सोय?”

“नाही,” ते चहा ढवळत म्हणाले. “एकट्या कणाला विचाराल तर त्याला मागे-पुढे सारखंच. पण घोळका जमला की संपलं. साखर चहात पसरायला लाखो वाटा. पुन्हा गोळा होऊन चमच्यात बसायला जवळजवळ एकही नाही. विस्कटणं सोपं, म्हणून काळ पुढेच जातो. तुमचं बोलणंही तसंच. पसरलं.”

“जवळजवळ म्हणजे?” ताईने विचारलं.

“म्हणजे आपोआप आवरलं जात नाही. कोणाला तरी राबावं लागतं.”

“मग राबू दे त्याला.” ती पहिल्यांदा माझ्याकडे वळली. “विहीणबाईंना फोन लाव. माझ्यासमोर. आणि खरं सांग.”

मी! खरं! शाळेत हजेरीच्या वेळी ‘हजर’ म्हणायचो, त्यानंतर इतकं साधं खरं बोलल्याचं आठवत नाही. आणि तेव्हाही बऱ्याचदा शेजारच्याच्या नावाला ओ द्यायचो. पण लावला फोन. स्पीकरवर.

“ते हमालांचं खोटं होतं,” मी म्हणालो. “ताईचे लाडू तोंडात विरघळतात. मला हशा हवा होता, म्हणून तिला पुढे केलं. चुकलं माझं.”

पलीकडून विहीणबाई म्हणाल्या, “अहो, तुम्ही बोलत होतात तेव्हा आम्ही खात होतो. डबा तिथेच रिकामा झाला. त्यांना कृती विचारायची राहिली बघा. आहेत का त्या?”

ताईने हात धुतले, फोन माझ्या हातातून काढून घेतला आणि रवा किती भाजायचा इथपासून सुरुवात केली. माझ्या हिशेबाने ती पाकापर्यंत पोचायला दोन ऋतू लागले. चहा निवला, मेव्हण्यांनी दुसरा केला, तोही निवला. मी स्टुलावर बसून होतो. ऊठ म्हणायला कोणी तयार नव्हतं.

“बरं, तुमच्याकडून माणसं किती येणार?” ताईने फोनवर विचारलं. “साठ?” मग फोन तळव्याखाली दाबून ती माझ्याकडे वळली. “साठ माणसं, आणि आचाऱ्याला मठ्ठा किती सांगितलायस रे गाढवा? माझ्याकडे काय बघतोस? ऊठ, कागद घे. लिही.”