कडेचा शेंगदाणा

मी संघात का आहे, हे मला कळायला अर्धा सीझन गेला. आमच्या युनिव्हर्सिटीचा फ्लॅग फुटबॉलचा मिश्र संघ होता. अमेरिकन फुटबॉलच तो, फक्त अंगावर कोसळायचं नाही. ज्याच्या हातात चेंडू, त्याच्या कमरेची पट्टी ओढली की खेळ थांबला. आणि स्पर्धेचा नियम असा, की मैदानावर एक तरी बाई हवीच. ती बाई मी.

जर्मनीत, बॉनमध्ये पीएचडी करत होते. दिवसभर लॅबमध्ये उभी, आणि संध्याकाळी ऱ्हाइन नदीच्या काठच्या मैदानावर ऊर फुटेस्तोवर धावायचे. पण चेंडू? नाव नको. डाव्या कडेने सरळ पळत जायचं, हात वर करायचे, चेंडू दुसऱ्याच कुणाकडे गेलेला बघायचा आणि मुकाट परत यायचं. चेंडू फेकणारा आमचा क्वार्टरबॅक म्हणजे भूगोल शिकणारा एक उंच मुलगा. दर वेळी पाठीवर थाप मारून म्हणायचा, छान धावलीस! अरे, मी काय घोड्यांच्या शर्यतीला आलेय?

त्याच सुमारास सासूबाई पुण्याहून आमच्याकडे राहायला आल्या. माझ्या प्रत्येक सामन्याला यायच्या. साडीवर मुलाचं जाड जॅकेट चढवून, घडीच्या खुर्चीत बसून, मोठ्याने मतं द्यायच्या. "मेला आंधळा आहे का हा? पोरगी समोर उभी आहे ना!" आमचा जर्मन ट्रेनर विचारायचा, काय म्हणतात त्या? मी सांगायचे, त्यांना खेळ फार आवडलाय. तो खूश व्हायचा.

शेवटच्या सामन्याआधी ट्रेनरने फर्मान काढलं, की प्रत्येकाने आक्रमणाची एक नवी चाल सुचवायची. रविवारी सकाळी मी डायनिंग टेबलावर मांडामांड करून बसले. पोह्यांसाठी काढलेले शेंगदाणे म्हणजे आम्ही, हरभऱ्याची डाळ म्हणजे समोरचे. सासूबाई शेजारी कांदा चिरत होत्या.

"हा एक शेंगदाणा असा कडेला का पडलाय गं?"

"अहो आई, ती मी."

त्यांनी सुरी खाली ठेवली. "आणि याच्या आसपास एकही डाळ नाही ती?"

"माझ्याकडे चेंडू येत नाही हे आता सगळ्यांना माहीत झालंय. माझ्यावर कुणी माणूसच ठेवत नाही."

"मग चाल कसली शोधत बसलीस? यालाच द्या की चेंडू!"

आधी मला हसू आलं, आणि मग असा संताप आला म्हणता! समोरच्या संघांना जे कधीच कळलं होतं, ते माझ्या संघाला कळू नये? की कळूनही वळायचं नव्हतं?

तीच चाल मी दिली. बाकीच्यांनी आरडाओरडा करत उजवीकडे पळायचं, चेंडू डावीकडे मला. ट्रेनर म्हणाला, "इंटरेसांट." जर्मन माणूस इंटरेसांट म्हणाला की समजावं, बारगळलं. पण दुसऱ्या कुणी काही आणलंच नव्हतं, म्हणून ती ठेवली गेली.

सामन्यात आम्ही थोडक्यात मागे होतो. शेवटची संधी उरली तेव्हा ट्रेनरने माझी चाल पुकारली. मी जीव खाऊन धावले. जिच्यापलीकडे चेंडू झेलला की गुण मिळतात, त्या रेषेपलीकडे पोचले, वळले, हात वर केले. आसपास चिटपाखरू नव्हतं. क्वार्टरबॅकने माझ्याकडे बघितलं. बघितलं म्हणजे अगदी नजरेला नजर. आणि चेंडू फेकला उजवीकडे, तिघांनी घेरलेल्या त्याच्या मित्राकडे. चेंडू गवतात पडला. हरलो.

मी तरातरा त्याच्यापुढे जाऊन उभी राहिले. तो ओशाळून म्हणाला, "तू झेलशील याची मला खात्री नव्हती."

खात्री? एकदा तरी फेकून बघितला होतास का रे? मी हे बोलणारच होते, तेवढ्यात सासूबाई खुर्ची सोडून थेट मैदानात आल्या. "काय म्हणतोय गं हा?" मी सांगितलं.

"त्याला विचार, मोजण्यापुरती उभी करायला आणलीत का हिला? लाज नाही वाटत?"

ट्रेनर धावत आला. काय म्हणतात त्या? या खेपेला मी एक शब्दही मऊ केला नाही. होतं तस्सं जर्मनमध्ये सांगितलं, लाजेसकट. दोघांचेही चेहरे पडले.

सासूबाईंनी वाकून गवतातला चेंडू उचलला, चार पावलं मागे सरकल्या आणि दोन्ही हातांनी माझ्याकडे भिरकावला. वेडावाकडाच आला. मी झेलला. आख्ख्या सीझनमधला माझा पहिला पास, तोही सामना संपल्यावर, साठी उलटलेल्या बाईच्या हातून.

मी चेंडू पोटाशी धरला आणि ट्रेनरला म्हणाले, "पुढच्या सीझनमध्ये पहिला पास मला. नाहीतर तुमच्या नियमासाठी दुसरी बाई शोधा."