ड्राइव्हवेवर काढलेली गाडी

सुलेखा आमच्या समोरच्या घरात राहते. तिच्याविषयी न्यू जर्सीतल्या आमच्या मराठी मंडळाच्या अंकात कुणीतरी लिहायला हवं, असं मी एकदा बोलून गेलो, तर संपादकांनी ते काम माझ्याच गळ्यात घातलं. मला लिहायची सवय नाही. जमेल तसं सांगतो.

तिचा नवरा राजीव याला डोळ्यांच्या पडद्याचा आजार आहे. नजर बरोबर मधोमध विरत चालली आहे. "समोरच्याचे कान दिसतात, चेहरा गायब," असं तो हसत सांगतो. गाडी चालवणं त्याने केव्हाच सोडलं. मार्चमध्ये डॉक्टर म्हणाले की पुढच्या उन्हाळ्याची खात्री देता येणार नाही. घरी येताना सुलेखाने त्याला विचारलं, "काय बघायचं राहिलंय?" तो म्हणाला, "आल्प्स."

मैत्रीण दीपाकडे पॉटलक होतं, प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायचं जेवण; तिथे हा विषय निघाला. दीपा म्हणाली, "आपल्या टूरवाल्यांबरोबर जा गं. सकाळी पोहे, रात्री वरणभात, सगळं मिळतं."

"पोहे मी करीन," सुलेखा म्हणाली. "पण बस थांबते दहा मिनिटं. मान तिरकी करून, कडेच्या नजरेने एक डोंगर जुळवायला याला तेवढी लागतात. याचा डोंगर जुळेपर्यंत तुम्ही चॉकलेटं घेऊन बसमध्ये परत."

म्हणून तिने मोटरहोम ठरवली, आत झोपायची-रांधायची सोय असलेली गाडी. म्युनिकला भाड्याने घ्यायची, ऑस्ट्रिया, स्लोव्हेनिया, इटली असं फिरून परत तिथेच द्यायची. राजीव म्हणेल तिथे थांबायचं. चालवणार ती एकटी.

मे महिन्यातल्या एका शनिवारी तिचा फोन आला. "काका, जरा या ना. एक माणूस कमी पडतोय."

जाऊन बघतो तर गॅरेजसमोर, ड्राइव्हवेवर रांगोळीने आख्खी गाडी काढलेली. कंपनीच्या नकाशावरून मापं घेऊन, टेपने मोजून, खऱ्या आकाराची. मागे पलंग, मध्ये शेगडी आणि बेसिन, टॉयलेटचा चौकोन, पुढे दोन सीट, तिथे घरातल्या खुर्च्या. दाराच्या जागी रेघ मोकळी सोडली होती. राजीवला ती तासभर त्या रेघांच्या आत वावरायला लावणार होती. रोज डोळे साथ देतीलच असं नाही, तेव्हा पायांना घर पाठ झालं पाहिजे, असं तिचं म्हणणं.

"पुन्हा शेगडीवर पाय," ती म्हणाली.

"इतकी बारकी शेगडी कशाला काढलीस?"

"तेवढीच आहे. तिच्यावरच चहा होणार आहे तुझा."

त्यांची मुलगी केया न्यूयॉर्कहून आली होती. ती गॅरेजपाशी उभी राहून म्हणाली, "मॉम, इट लुक्स लाइक अ क्राइम सीन."

"तू टॉयलेटमध्ये उभी आहेस," सुलेखा म्हणाली. "सरक."

सुलेखा राजीवला सूचना देत फिरत होती, म्हणून ड्रायव्हरच्या खुर्चीत मला बसवलं होतं. बसल्या बसल्या माझा डावा पाय आपोआप पुढे गेला. माझ्याकडे एक जुनी गिअरची गाडी आहे, मुलगा ती विकायच्या मागे लागलेला असतो. त्या गाडीची सवय.

"काका, पाय कसला हलवताय?"

"क्लच शोधतोय," मी म्हणालो. ते सगळे हसले. मग मला राहवलं नाही. "तिकडे अजून बऱ्याच गाड्या गिअरच्या असतात, असं आपलं मला वाटतं. चुकतही असेन."

सुलेखाने फोन काढला. बुकिंग वाचता वाचता तिचा चेहरा उतरला. गाडी गिअरची होती. तिने ते पाहिलंच नव्हतं. बाविसाव्या वर्षी ती इथे आली, गाडी शिकली ती न्यू जर्सीत, ऑटोमॅटिकवर. गाडी आपोआप गिअर बदलते यात विचारण्यासारखं काही असतं, हे तिच्या डोक्यातही आलं नव्हतं. तिने तिथल्या तिथे कंपनीला फोन लावला. ऑटोमॅटिक गाड्या ऑक्टोबरपर्यंत सगळ्या बुक झाल्या होत्या, आणि ऑक्टोबरात डोंगरातले गाडी लावून राहायचे कॅम्प बंद व्हायला लागतात.

"राहू दे," राजीव म्हणाला. "आपण टूरने जाऊ. मी भरभर बघीन."

ती माझ्याकडे वळली. "काका, तुमची गाडी द्याल?"

दुसऱ्या दिवसापासून आम्ही तिघे ऑफिस पार्कच्या रिकाम्या पार्किंगमध्ये जाऊ लागलो. शिकवणार मी, असं ठरलं होतं. पण माझ्याच्याने धड सूचना देववेनात, दर वेळी "सॉरी" म्हणायचो. शेवटी मी मागे बसलो आणि राजीव पुढे. लग्नाआधी नाशकात त्याने वडिलांची फियाट चालवलेली. रस्ता त्याला नीट दिसत नव्हता, इंजिन मात्र ऐकू येत होतं.

"आवाज जड झाला. गिअर खाली टाक. आता क्लच सोड, हळू. हळू म्हटलं."

"हळूच सोडतेय."

"मग गाडी बेडकासारखी का उडाली?"

रोज ऑफिसहून आली की ती हजर. किती वेळा गाडी बंद पडली असेल. एकदाही ती वैतागली नाही. प्रत्येक वेळी किल्ली फिरवायची आणि म्हणायची, "परत." सपाटीवर जमलं. चढावर मात्र गाडी मागे घसरायची, आणि आल्प्समध्ये सगळा चढच. बुकिंग रद्द करायची मुदत सोमवारी संपत होती.

रविवारी तिने गाडी जवळच्या बूंटन गावातल्या मेन स्ट्रीटवर घातली. तो चढ मला पायी चढतानाही नको वाटतो. न थांबता वर जायचं, एवढंच ठरलं होतं. निम्म्यावर राजीव म्हणाला, "थांब."

"इथे?"

"तू म्हणाली होतीस, मी म्हणेन तिथे."

तिने गाडी कडेला घेऊन थांबवली, हँडब्रेक ओढला. दोन इमारतींच्या फटीतून खाली दरीतली झाडी दिसत होती. राजीवने मान तिरकी केली, थोडी इकडे, थोडी तिकडे. मी मागच्या काचेतून बघत होतो, आमच्या मागे एक ट्रक येऊन थांबला होता. सुलेखाने आरशात पाहिलंसुद्धा नाही. ती राजीवकडे बघत होती. त्याचं होईपर्यंत ती तशीच बसली.

"झालं," तो म्हणाला. "पाणीपण आहे खाली."

क्लच, गिअर, इंजिनाचा आवाज जड झाला. राजीव गप्प राहिला. तिने स्वतःच ऐकलं आणि हँडब्रेक सोडला.

वर गेल्यावर तिने विचारलं, "काका, मागे सरकली?"

"नाही," मी म्हणालो.

"मग बुकिंग तसंच राहू दे."

घरी आल्यावर तिने रांगोळीचा डबा आणला. मधल्या पावसात रेघा पुसट झाल्या होत्या, त्या पुन्हा ओढल्या. मग ड्रायव्हरच्या सीटशेजारी खाली बसून तिने गिअरचा दांडा काढला, वर गोल मूठ. राजीव त्याच्याभोवतीने फिरून जाऊन आपल्या खुर्चीत बसला. पाय कुठेही लागला नाही.