कुंकवाचा डाग आणि तिसरी प्रत

मी देवभक्त आहे असं चारचौघांत सांगायला मला आवडतं, पण खरं सांगायचं तर माझ्या मनात श्रद्धेच्या आधी संशय येतो. सप्तशृंगीच्या गडावर आईपुढे हात जोडून उभा राहिलो तरी अर्धा जीव बाहेर काढलेल्या चपलांत असतो. दूधवाला, रिक्षावाला, सख्खा मेव्हणा, कुणीच यातून सुटलेलं नाही. या स्वभावापायी एका माणसाचं वाटोळं माझ्या हातून होता होता राहिलं. ते कुणामुळे राहिलं यावर मी वाद घालणार नाही. जसं घडलं तसं लिहितो.

ऐंशीच्या दशकाचा मध्य असेल. अंबडच्या एका कारखान्यात आम्ही पंपाचे भाग बनवायचो आणि तिथल्या नव्या कॉम्प्युटर विभागाचा मी प्रमुख होतो. विभाग म्हणजे एक वातानुकूलित खोली, एक यंत्र, मी आणि ऑपरेटर पगारे. धूळ जाऊ नये म्हणून चपला बाहेर काढाव्या लागत, त्यामुळे कामगार त्या खोलीला गाभारा म्हणायचे. यंत्रावर त्यांची हजेरी चढायची. जुनं मस्टर माझ्याच हट्टाने बंद झालं होतं. कामगार गेटवर कार्ड टाकत, पगारे ते यंत्रात चढवत आणि महिना संपला की कार्डं रद्दीत जात. आता कॉम्प्युटर आहे, कागद कशाला सांभाळायचा, हे माझंच वाक्य. सगळी हजेरी एका फ्लॉपीवर असायची, म्हणजे कागदी पाकिटातल्या पातळ चौकोनी तबकडीवर. तिची एक नक्कल दुसऱ्या फ्लॉपीवर. दोन्ही एकाच लोखंडी कपाटात आणि कपाटाची किल्ली माझ्या जानव्याला.

त्या वर्षी या हजेरीवर चाळीसेक हंगामी कामगारांचं नशीब टांगलेलं होतं. दसऱ्यापर्यंत ज्यांचे दोनशे चाळीस दिवस भरतील ते दिवाळीआधी कायम होणार, असं युनियनशी ठरलं होतं. कुणाचे किती दिवस भरले हे सांगणारा पुरावा जगात एकच होता, आणि तो माझ्या कपाटात होता. त्या चाळिसांत पगारेंचा धाकटा भाऊही होता, हे मी चांगलं लक्षात ठेवलं होतं.

पगारे मूळचे चांदवडकडचे, बौद्ध कुटुंबातले, माझ्याहून दोन-तीन वर्षांनी मोठे आणि अतिशय कमी बोलणारे. कमी बोलणाऱ्या माणसाचा मला आधीच संशय. यंत्र आलं तेव्हा त्यांनी सुचवलं होतं की तिसरी नक्कल काढून कारखान्याबाहेर ठेवू या. मी हसलो. कपाट काय पळून जातंय, असं म्हणालो आणि वर ‘तुम्हाला काय करायचं ते करा’ असंही तोडून टाकलं. पुढे कधीतरी कोऱ्या फ्लॉप्यांच्या खोक्यात दोन कमी भरल्या. त्याच सुमारास माझ्या लक्षात आलं की दर शनिवारी पगारेंच्या पिशवीत जेवणाच्या डब्याखेरीज आणखी एक चपटा स्टीलचा डबा असतो. झालं. माझं डोकं चालू लागलं.

एका शनिवारी अर्धी सुट्टी झाल्यावर मी त्यांच्या मागे गेलो. ते सायकलवर, मी लूनावर. सायकलच्या मागे लूना हळू चालवणं ही शिक्षाच असते. ते नाशिकरोडच्या एका कॉलनीतल्या घरापाशी थांबले. दारात एक बाई आल्या, त्यांनी तो डबा घेतला आणि अगदी तसाच दुसरा डबा पगारेंच्या हातात दिला. मी पिंपळाआडून पाहत होतो. डबा देतात काय, डबा घेतात काय! कारखान्याची माहिती बाहेर जातेय, भावाचे दिवस वाढवायचा घाट घातलाय, असं मी मनाशी पक्कं केलं. आज स्वतःला विचारतो की पगारेंच्या जागी माझ्या गावचे, माझ्या जातीचे कुणी असते तर मी लूनाचं पायडल मारलं असतं का? उत्तर मला ठाऊक आहे आणि त्याची लाज वाटते.

मग खंडेनवमी आली. कारखान्यात प्रत्येक यंत्राला हार, हळदकुंकू, नारळ. गाभाऱ्यातली पूजा अर्थात माझी. ताम्हनात दोन्ही फ्लॉप्या ठेवल्या आणि त्यांची कागदी पाकिटं काढू लागलो, तेव्हा दारात उभे असलेले पगारे पहिल्यांदाच आपणहून बोलले.

“साहेब, पाकिटातून काढू नका. एक कण आत गेला तर वाचता यायचं नाय.”

“शस्त्राची पूजा म्यानातच करतात का, पगारे?”

ते दारातच थांबले, आत आले नाहीत. यांना आपल्या पूजेचं वावडं, असा अर्थ मी काढला आणि मुद्दाम चिमूटभर जास्तच कुंकू वाहिलं. अक्षता टाकल्या, गंध लावलं, कापूर ओवाळला. फ्लॉपीला मधोमध जी लांबट खिडकी असते, जिथून यंत्र ती वाचतं, तिथेच मला टिळा शोभून दिसला. दुसऱ्या दिवशी दसऱ्याला पगारे नागपूरला दीक्षाभूमीवर जाणार होते. त्यांनी त्यासाठी त्या आठवड्याची रजाही टाकलेली होती.

दसऱ्यानंतर कामावर आलो, पहिली फ्लॉपी यंत्रात घातली आणि गिरणीत खडा गेल्यासारखा आवाज आला. यंत्र म्हणालं, वाचता येत नाही. नक्कल कशासाठी असते, असं म्हणून मी दुसरी त्याच यंत्रात, त्याच घाणीत घातली. तिचंही तेच झालं. त्या गार खोलीत मला दरदरून घाम फुटला. पुण्याहून दुरुस्तीवाला आला. त्याने यंत्राचं तोंड पुसून कापसाच्या बोळ्यावरची लालसर पूड मला दाखवली. तरी माझं मन कबूल होईना. कुंकवाने कधी कुणाचं वाईट झालंय? हे कुणीतरी केलंय, आणि नेमका आत्ताच रजेवर गेलेला माणूस कोण?

मॅनेजर साहेबांनी सोमवारपर्यंत यादी मागितली होती. ती नसेल तर चाळीस जणांचे दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजायचे, असं ते शांतपणे म्हणाले. मी घरी बसून दोन पानी पत्र लिहिलं. पगारे फ्लॉप्या बाहेर नेतात, परक्या घरी देतात, स्वतःच्या भावासाठी त्यांनी हजेरी बिघडवली असावी, सबब त्यांना कामावरून दूर करावं. पत्र उत्तम जमलं होतं. रविवारी एसटीने गडावर गेलो, ते पत्र खिशात घेऊन. मनात शंका होती म्हणून नव्हे, आशीर्वाद हवा होता म्हणून. ओटीबरोबर मी तो कागदही पुजाऱ्याच्या हातात दिला. त्यांनी तो आईच्या पायांशी लावला आणि प्रसादासकट परत केला. चपला जागेवर होत्या.

परतीच्या बसमध्ये कागद उघडला. त्यावर ओल्या कुंकवाचा मोठा डाग पडला होता, आणि जिथे जिथे पगारेंचं नाव होतं तिथे घडीतून तो पाझरला होता. बाकी सगळी अक्षरं स्वच्छ दिसत होती. गर्दीत ओला हात लागला असेल, घडी तशी पडली असेल. असेलच. पण मी हादरलो. पत्र पुन्हा लिहायला हवं होतं, आणि त्या पत्राचीही मी नक्कल ठेवली नव्हती. घरी पोचलो तेव्हा डोकं दुखत होतं. सकाळी ऑफिसात लिहू, म्हणून झोपलो.

सकाळी मी पोचायच्या आधी पगारे गाभाऱ्याच्या दारात अनवाणी उभे होते. हातात तो चपटा डबा. पहाटे गेटवरच त्यांना सगळं कळलं होतं, तसेच ते सायकलवर नाशिकरोडला जाऊन आले होते. डब्यात स्वच्छ फडक्यात गुंडाळलेली एक फ्लॉपी होती.

“नवमीच्या आधीच्या शनिवारची हाय, साहेब. पुढच्या दिवसांची कार्डं अजून रद्दीत गेली नाय. ती चढवली की झालं.”

मी विचारलं, हे कुणाच्या सांगण्यावरून. ते म्हणाले, तुम्हीच म्हणाला होता, काय करायचं ते करा. मग थांबत थांबत त्यांनी सांगितलं की लहानपणी ते गोदाकाठी राहत असताना पुराचं पाणी घरात शिरलं आणि घरातले सगळे कागद ज्या एका पेटीत होते ती पेटीच वाहून गेली. शाळेचा दाखला पुन्हा मिळवता मिळवता त्यांचं एक वर्ष बुडालं. तेव्हापासून त्यांच्याकडे कुठलाही मोलाचा कागद दोन घरांत ठेवतात. एक स्वतःच्या, एक बहिणीच्या. नाशिकरोडची बाई म्हणजे त्यांची थोरली बहीण. दर शनिवारी नवी नक्कल तिच्याकडे ठेवायची आणि जुनी परत आणायची, एवढंच ते चालत होतं.

“तुम्ही लूनावर मागं होता, ते ताईनं पण पाहिलं,” ते म्हणाले. “म्हटलं, विचारतील एक दिवस.”

एवढं ऐकूनही स्वभाव पाहा. यंत्राने ती फ्लॉपी सुरळीत वाचली, उरलेली कार्डं चढवून झाली, आणि मी सगळ्यांत आधी त्यांच्या भावाचं नाव शोधलं. जगात दुसरी प्रत नव्हती. पगारेंनी वाटेल तो आकडा घातला असता तरी कुणाच्या बापाला कळलं नसतं. पडद्यावर दिसलं, दोनशे एकतीस. नऊ दिवस कमी. यादीतले बहुतेक कायम झाले, पगारेंचा भाऊ मागे राहिला. ते पगारेंनीही माझ्या शेजारी उभं राहून वाचलं आणि छापायचा कागद नीट लावून दिला.

मला रडू आलं. मॅनेजर साहेबांकडे जाऊन कुंकवाचं मी स्वतः सांगितलं आणि जे ऐकून घ्यायचं ते ऐकलं. मग खोलीत येऊन ते पत्र पगारेंच्या हातात दिलं. नुसत्या माफीने भागणार नव्हतं, म्हणून म्हटलं त्यांनी वाचावं आणि काय बोलायचं ते बोलावं. त्यांनी दोन्ही पानं सावकाश वाचली. मग डागावर बोट ठेवलं.

“कुणाबद्दल लिहिलंय ते वाचता येत नाय, साहेब,” ते म्हणाले, आणि घडी घालून मला परत दिलं.

आईने त्या दिवशी मला काय दिलं हे मी अनेक वर्षं स्वतःला विचारत आलो. फ्लॉप्यांवरचं कुंकू मी वाहिलं होतं, नावावरचं मी वाहिलं नव्हतं, एवढंच मला माहीत आहे. सगळं आपल्याच कपाटात, आपल्याच किल्लीखाली ठेवणं याला मी सावधपणा समजत होतो. जपायचं ते थोडं दुसऱ्याच्या हाती सोपवता आलं पाहिजे, आणि सोपवल्यावर पिंपळाआड उभं राहू नये, हे मला पगारेंकडून कळलं. पुढच्या वर्षी त्यांचा भाऊ कायम झाला. तिसऱ्या प्रतीचा डबा मग एका शनिवारी पगारेंच्या बहिणीकडे आणि एका शनिवारी माझ्या घरी जाऊ लागला. माझ्याकडे असला की तो मी देवघरात ठेवायचो, कुंकवापासून हातभर लांब.