फाटकातून आत कोसळलेला माणूस

आमच्या चर्चमध्ये कापणीच्या सणाला लिलाव होतो. ज्याच्या घरी जे पिकलं ते त्यानं देवाला आणून द्यायचं आणि उपासना संपली की आवारात त्याचाच लिलाव करायचा. पुण्याजवळच्या आमच्या मांजरी गावात अजून थोडी शेतं शिल्लक आहेत, म्हणून भोपळे येतात, गवार येते, पाय बांधलेली एखादी कोंबडी येते. नव्या इमारतींतले लोक केक आणतात आणि बोली लावून स्वतःच परत घेऊन जातात. उसाच्या मोळ्या मात्र दरवर्षी असतात.

त्या रविवारी मोळ्या माझ्या भाच्यानं उचलून आणल्या. धाकट्या बहिणीचा हा एकुलता एक. तो जन्मला तेव्हा मीच ड्युटीवर होते. माझा सगळा जन्म हॉस्पिटलात नर्स म्हणून गेला. मोळ्या भिंतीला टेकवल्या, उपासनेत दानाची पिशवी फिरवली आणि लिलाव सुरू व्हायच्या आत, मित्रांचा फोन आला म्हणून हा मोटारसायकलवर निघून गेला.

या पोराला देशभक्तीचा आजार जडला होता. आजारच म्हणते, कारण त्याचं मूळ मला ठाऊक आहे. कॉलेजात पोरं त्याला म्हणायची, तुमचा देव इंपोर्टेड, तुम्हाला कशाला हवा झेंडा? माझे वडील दुष्काळात नगरकडून आले, मार्केट यार्डात पोती वाहिली. जात विचारून त्यांना पेठेत कुणी खोली दिली नव्हती. असला प्रश्न त्यांना कुणी केला असता तर ते तंबाखू थुंकून पुढं गेले असते. भाच्यानं उत्तर द्यायचं ठरवलं. हातावर देशाचा नकाशा गोंदवून घेतला, गाडीला झेंडा लावला, साधं बोलतानाही आवाज चढवायला लागला. मी चिडवायचे, "अरे, पुरावा घेऊन हजर हो म्हणून सरकारनं नोटीस धाडलीय का तुला?" तो हसायचा नाही.

भोपळ्यावर बोली चढत होती तेवढ्यात फाटकातून एक माणूस आत कोसळला. शेजारच्या टॉवरच्या कामावरचा मजूर. पँट सिमेंटनं माखलेली, शर्ट फाटून मानेत अडकलेला, कानातून रक्त. त्याच्यामागं दहाबारा जण घुसले. "बांगलादेशी हाय! धरा त्याला!" तो चहाच्या टपरीवर फोनवरून आईशी बोलत होता, बंगालीत, जरा मोठ्यानं. एवढाच त्याचा गुन्हा, असं नंतर टपरीवाल्यानं सांगितलं.

आमच्या चर्चचे पाळकसाहेब हात जोडून मधे उभे राहिले. "बाबांनो, हे देवाचं घर आहे." एकानं त्यांच्या छातीत लाथ घातली, ते भोपळ्यांवर आडवे झाले. मजुराला केसांना धरून गुडघ्यांवर बसवलं. "बोल, भारतमाता की जय!" तो बोलला. "पुन्हा बोल!" पुन्हा बोलला, रडत, ओठांवर रक्ताचे बुडबुडे येत असताना. देश माझाही आहे. पंधरा ऑगस्टला आवारात झेंडा चढतो तेव्हा माझ्या अंगावर काटा येतो. त्या दिवशी तोच जयजयकार मला शिवीसारखा ऐकू आला. "खोटं बोलतोय साला!" कुणीतरी ओरडलं आणि लाथा सुरू झाल्या, पोटात, पाठीत, बरगड्यांत. बरगडी मोडल्याचा आवाज मला ओळखू येतो.

मग तोंडाला रुमाल बांधलेल्या एकानं फुटपाथचा ब्लॉक उचलला आणि त्याच्या तोंडावर आणला. डाव्या डोळ्यावर बसला.

दुसरा गाल पुढं करण्याइतकी शांत बाई मी कधीच नव्हते. मोळीतला ऊस उपसला आणि रुमालवाल्याच्या पाठीत घातला. ऊस मोडला, दुसरा घेतला. मानेवर, मनगटावर, दिसेल तिथं. मला बघून आमच्या आयाबायांनी पदर खोचले आणि मोळ्या सोडून ऊस हातात घेतले. कुणाचं नाक फुटलं, कुणाची बोटं चेचली. चारचौघात तोंड न उघडणारी आमची ऑर्गनवाली एकाला असं बडवत होती की तिलाच मागं ओढावं लागलं. "ए म्हातारे, सरक!" म्हणत कुणीतरी मला कोपर मारलं, माझ्या तोंडात रक्ताची चव आली. मी रुमालवाल्याच्या चेहऱ्यावर झडप घातली आणि रुमाल माझ्या मुठीत आला.

माझा भाचा होता. हातावरच्या नकाशावर त्या माणसाचं रक्त उडालेलं.

"मावशी, तो बाहेरचा आहे," तो म्हणाला. मी त्याच्या थोबाडीत दिली, जोर होता तेवढा सगळा लावून. माझ्या मुठीतला रुमाल हिसकून, पुन्हा तोंड झाकत तो पळाला आणि त्याच्या मागोमाग बाकीचेही.

मजुराचं डोकं मी मांडीवर घेतलं, डोळ्यावर पदर दाबून धरला. त्याचा धर्म मी विचारला नाही. तो सीमेच्या अलीकडचा की पलीकडचा, हेही विचारलं नाही. डोळा दोन्हीकडं सारखाच फुटतो. कागदपत्रं खरी की खोटी ते पोलिस अजून तपासताहेत, तपासू देत, ते त्यांचं काम आहे. मला एवढंच कळतं की बाळ येशूला छातीशी धरून त्याचे आईबाप राजाच्या भीतीनं परक्या देशात पळाले होते. तिथं त्यांची बोली ऐकून कुणी दगड उचलला नाही, म्हणून आज आमचं चर्च आहे आणि सणही आहे. आणि स्वातंत्र्याचं म्हणाल, तर आईशी आपल्या भाषेत, भर रस्त्यात, मोठ्यानं बोलता येणं यापेक्षा मोठं स्वातंत्र्य मला ठाऊक नाही. ते एका माणसाचं हिसकावून माझ्या भाच्याला काय मिळालं, मला अजून समजलेलं नाही.

डोळा वाचला नाही. डॉक्टरांनी तसं सांगितलं तेव्हा मी वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसले होते. बहीण धावत आली आणि तिनं माझे पाय धरले. लेकानं तिला सगळं सांगितलं होतं.

"ताई, त्याचं नाव घेऊ नकोस. तोंड झाकलेलं होतं. तुझ्याशिवाय कुणी पाहिलं नाही."

माझा जीव तुटत होता. याच पोराला मी सगळ्यांत आधी हातात घेतलं होतं, त्याच्या आईच्याही आधी. तुरुंगात ते काय होऊन बसेल, हे मला दिसत होतं.

"आपल्यात माफ करतात ना गं?" ती म्हणाली. "पाळकसाहेबांनी लाथ मारणाऱ्याला माफ केलं. मग तू का नाही?"

"छाती त्यांची होती, त्यांनी केलं," मी म्हणाले. "डोळा माझा नाही."

हवालदार जबाब लिहून घ्यायला आला. रुमालवाल्याला ओळखता का, म्हणाला. मी भाच्याचं नाव सांगितलं, मग त्याच्या वडिलांचं. आडनाव सांगायच्या आत बहिणीनं माझ्या पायांवरचे हात काढून घेतले.