चार ओहमच्या खाली नाही

मार्गिलानमध्ये रेशीम कारखान्यामागच्या मोहल्ल्यात कुणाच्या कढईत काय शिजतंय आणि कुणाची सून माहेरी जाऊन का बसलीय, हे सगळ्यांना ठाऊक असतं. त्यात नवल नाही. पण नळावर पाणी भरणाऱ्या बायकांनासुद्धा ओहम म्हणजे काय ते ठाऊक आहे, असा मोहल्ला अख्ख्या फरगाना खोऱ्यात दुसरा सापडायचा नाही. ही सगळी तोख्तासिन-अकांची करणी. वयाने मोठ्या पुरुषाला आमच्याकडे अका म्हणतात, बाईला ओपा.

कारखाना चालू होता तेव्हा त्याचं स्वतःचं गाण्याबजावण्याचं मंडळ होतं आणि अका त्यात बेस गिटार वाजवायचे. गायक पुढे, चमकत्या सदऱ्यात. बेसवाला मागे, ढोलवाल्याच्या कडेला, पुलाव संपल्यावर पोचलेल्या पाहुण्यासारखा. "माझा आवाज कुणाला ऐकू येत नाही, पण मी थांबलो की सगळ्यांना कळतं," असं ते सांगायचे, आणि दर वेळी आत्ताच सुचल्यासारखं सांगायचे.

मग कारखाना बंद पडला. कुणी मोटारी उचलल्या, कुणी खिडक्या काढून नेल्या. अकांनी हातगाडीवर गिटारचा आवाज वाढवणारा मंडळाचा जर्मन अ‍ॅम्प आणि एक स्पीकरची पेटी घालून आणली. त्यांची बायको हुरिनिसा-ओपा दारातच उभी होती.

"शेजाऱ्यांनी तांबं आणलं, पितळ आणलं. तुम्ही हे काय आणलंत?"

"नोकरी," अका म्हणाले.

आणि खरंच, पुढची तीस वर्षं त्या हातगाडीवरच्या ऐवजानेच घर चाललं. लग्नं काय, सुंता काय, मार्गिलानमध्ये बेस म्हटलं की तोख्तासिन-अका.

अ‍ॅम्पच्या पाठीवर जर्मन भाषेत एक ओळ छापलेली होती. अकांना जर्मन येत नव्हतं, पण आकडा येत होता : चार. चार ओहमच्या खाली जोडू नका. ही ओळ त्यांनी एकदाच मोडली. शहराबाहेरच्या एका गावात लग्न होतं. नवऱ्या मुलाच्या मामाने मोठ्या हौसेने घरची पेटी गाडीत घालून आणली, "ही पण जोडा, उस्ताद!" आमच्याकडे लग्नात पाहुण्याने हौसेने आणलेली वस्तू परत करायची म्हणजे त्याच्या तोंडावर दार लावण्यासारखं. अकांनी निमूट जोडली. तिसऱ्या गाण्याला जळका वास सुटला. यजमान धावत जाऊन आचाऱ्यालाच शिव्या देऊन आला की कांदा करपवलास म्हणून. कांदा नव्हता, अ‍ॅम्प होता. नवे ट्रान्झिस्टर ताश्कंदहून मिळायला आठ महिने गेले आणि तेवढे दिवस हुरिनिसा-ओपाने घरी रेशमाचे कोष सोलून चूल पेटती ठेवली.

त्यानंतर माणूस पार बदलला. भेटेल त्याला ओहम शिकवायला लागला. हजाम दाढी करतोय, वस्तरा गळ्यावर, आणि अकांचं चालूच : "अ‍ॅम्प म्हणजे यजमान, पेटी म्हणजे पाहुणा. ओहम जितके कमी, तितका पाहुणा खादाड. आठ ओहमचा बेताने खातो, चारचा दुप्पट हाणतो. दोन पाहुणे शेजारी शेजारी बसवले की दोघंही एकदमच ताट ओढणार. यजमान पाहुण्याला नाही कसं म्हणेल? देतो, देतो, आणि शेवटी स्वतः आडवा होतो. म्हणून आधी मोजायचं, मग जोडायचं." पोरं त्यांना मागून 'ओहम-अका' म्हणायची. समोरही म्हणायची. त्यांना ते आवडायचं.

मुलगा एकच, अयुब. लहानपणापासून बापाची पेटी उचलायला तोच. मोठा झाला, लग्न झालं, मुनाजात सून म्हणून घरात आली, मुलगी शोइरा झाली, तरी पेटी उचलायला तोच. बोलायचा कमी. वडिलांसमोर आवाज चढवायचा नाही ही रीत सगळेच सांगतात, अयुब ती पाळायचासुद्धा.

त्याला एक गोष्ट खटकायची. लग्नात पुरुष बाहेरच्या अंगणात, बायका आतल्या. गायकाचा भोंगा आत टांगलेला असायचा, बेसची पेटी मात्र बाहेरच. आत नुसतं किंचाळणं ऐकू जायचं, नाचायला ठेका मिळायचा नाही. म्हणून बंद पडलेल्या सिनेमागृहातले दोन स्पीकर मिळवून त्याने अक्रोडाच्या फळ्यांची पेटी बांधली, आतल्या अंगणासाठी. कोपरे असे जुळवले की सुताराने येऊन बोट फिरवून पाहिलं.

अकांनी मीटर लावला. काटा तीनवर. मीटरचा काटा नेहमी पाऊणपटच चढतो, म्हणजे पेटी चार ओहमची.

"माझी आठ, तुझी चार. दोन्ही जोडल्या की तीनच्याही खाली. अ‍ॅम्प जाळायचाय का?"

"नाही, दादा," अयुब म्हणाला. आमच्याकडे वडिलांना दादा म्हणतात.

"मग झाकून ठेव."

चार माणसं बसली होती चहाला. त्यांच्यासमोर अकांनी आणखी एक जोडलं : "बाप खातोय त्याच ताटात हात घालायची घाई झालीय चिरंजीवांना." सगळे हसले. अयुबही हसला. पेटीवर मुनाजातच्या लग्नातलं रेशमी कापड पडलं आणि ती कोपऱ्यात गेली.

पुढच्या वसंतात अयुब रशियात गेला, बांधकामावर. अर्धा मोहल्ला जातो तसाच. पेटीमुळे गेला असं कुणी म्हणणार नाही, म्हणजे अकांसमोर म्हणणार नाही. दीड वर्षाने वोल्गाकाठच्या एका शहरातून तो जस्ताच्या पेटीत परत आला. नवव्या मजल्यावरची परांची सुटली होती. जस्ताची पेटी उघडायची नाही असा हुकूम होता. रीतीप्रमाणे अका दाराशी हात बांधून उभे राहिले आणि लोक खांद्याला खांदा लावून ती उचलून घेऊन गेले. आपल्या मुलाला उचलायला आपला हात लागला नाही, एवढंच ते त्या दिवशी बोलले.

दहा वर्षं गेली. शोइरा एकोणिसाची झाली आणि तिचं लग्न ठरलं.

लग्नाच्या दोन दिवस आधी हुरिनिसा-ओपाने अंगण झाडता झाडता विषय काढला. "अहो, पोरीच्या लग्नात तिच्या बापाची पेटी वाजली पाहिजे."

"वाजणार नाही."

"का?"

"चारच्या खाली जाईल."

"जाऊ दे की खाली! तुमचं ते चार, चार, चार! तीस वर्षं ऐकतेय. पोराचे तीस शब्द ऐकले असते तर बरं झालं असतं."

"अ‍ॅम्प जळला तर नातीच्या लग्नात काय, मी टाळ्या वाजवू?"

"वाजवा! त्या तरी आत ऐकू येतील."

मुनाजात पायरीवर भांडी घासत होती. सासू-सासऱ्यांच्या भांडणात ती कधी पडत नसे. मान खाली ठेवूनच म्हणाली, "दादा, दोन्ही नका लावू. तुमची काढा आणि ती एकटीच लावा. ते तरी चालेल ना?"

चालणारच होतं. चार ओहमची एकटी पेटी त्या अ‍ॅम्पला अगदी बरोबर. बारा वर्षांत, पेटी झाकली त्या दिवसापासून, आपली पेटी बाजूला काढता येते हे अकांच्या डोक्यात आलंच नव्हतं. अयुबच्या आलं असेल. पण मुलगा बापाला 'तुम्ही बाजूला व्हा' कसं म्हणणार?

"लावतो," अका म्हणाले.

कापड काढलं. धुळीने शिंका आल्या, हुरिनिसा-ओपाने लगेच फडकं आणलं. इतकी वर्षं पडलेली पेटी, उंदराने तार खाल्ली असेल, सांधा सुटला असेल, म्हणून सवयीप्रमाणे आधी मीटर. काटा तीनवर यायला हवा होता. तो बारावर जाऊन थांबला.

अकांनी मीटर आपटला. मग स्वतःची पेटी मोजली : सहा, नेहमीसारखी, मीटर ठीक होता. परत अयुबची. बारा.

"सांधा सडला," ते पुटपुटले आणि पेचकस मागवला. आठ स्क्रू काढले, पाठ उघडली. आत काहीही सडलेलं नव्हतं. तारा सरळ, एकाला एक समांतर, कथलाचे टाके मुगाच्या दाण्याएवढे, गोल. फक्त जोडणी बदललेली होती. दोन स्पीकर आधी शेजारी शेजारी होते. आता एकाच्या मागे एक. पहिल्याचं खाऊन झाल्यावर त्याच वाटेने दुसऱ्याला. चार ओहमची पेटी सोळाची झाली होती.

अका जमिनीवर बसले. गणित त्यांना पाटीशिवाय येत होतं. आठ आणि सोळा, शेजारी शेजारी : पाचाच्या वर. चारच्या खाली नाही. दोन्ही पेट्या एकत्र चालल्या असत्या. पहिल्या दिवसापासून नाही, पण जोडणी बदलली त्या दिवसापासून नक्की.

"हे कधी केलं त्याने?"

मुनाजातने हात पुसले. "तुम्ही झाकून ठेव म्हणालात ना, त्याच महिन्यात. इथेच ओट्यावर बसून. मला म्हणाले, आता हिचा आवाज निम्मा होणार, दादांच्या पेटीच्या निम्मा. मी म्हटलं, मग एवढी मेहनत कशाला? तर म्हणाले, दादांपेक्षा मोठा कशाला हवा."

"मग मला सांगितलं का नाही?" अकांचा आवाज चढला.

"सांगितलं होतं, दादा."

तेव्हा त्यांना आठवलं. बर्फ पडलेलं, ते जोडे काढत होते आणि अयुब दारात उभा राहून म्हणाला होता, 'दादा, पेटी जरा पुन्हा मोजून बघता का?' आणि आपण म्हणालो होतो, 'मी एकदा मोजलेलं पुन्हा मोजत नसतो.' एवढंच. अयुब 'बरं' म्हणाला आणि बापाचे जोडे उचलून चुलीजवळ वाळत ठेवून आला.

आधी मोजायचं, मग जोडायचं, हे मार्गिलानच्या हजामापर्यंत सगळ्यांना शिकवलं. दारात उभ्या असलेल्या पोरासाठी मीटर काढायचा कंटाळा केला.

हुरिनिसा-ओपाला ओहम कळले नाहीत, पण नवऱ्याचा चेहरा कळला. तिने टोमणा मारला नाही. त्या घरात असं क्वचितच होतं.

लग्नाच्या दिवशी पहाटेचा पुलाव झाला, दुपारी मंडळ बसलं. गायक सोलीजोन, अकांपेक्षा वयाने तीस वर्षांनी लहान आणि जिभेने चाळीस वर्षांनी मोठा, दुसरी तार बघून ओरडला, "अका! ही तार कुठे चालली? बायकांत? या वयात?"

"तू गळा सांभाळ," अका म्हणाले. अ‍ॅम्प बंद करून त्यांनी जाड तार जोडली, ती भिंतीवरून आत सोडली, मुनाजातने तिकडे अकांनी केलेल्या खुणेप्रमाणे पेटीला लावली. मग अ‍ॅम्प चालू. पहिली तीन गाणी अकांचा एक हात गिटारच्या तारांवरून सुटला की अ‍ॅम्पच्या पाठीवर जायचा. गरम नव्हता. कोमट, झोपलेल्या मांजरासारखा.

पण त्यांना ऐकू येत होती ती आपलीच पेटी. समोर, मोठ्याने. आतली पेटी वाजतेय की नाही, कसली वाजतेय, काही कळत नव्हतं. वाजवता वाजवता उठून आत जाता येत नाही, आणि बायकांच्या अंगणात पुरुषाने डोकवायचंही नाही. ते कान भिंतीकडे करून वाजवत राहिले. एकदा सूर चुकला. सोलीजोनने वळून भुवया उडवल्या. अकांनी बघितलंच नाही.

उन्हं कलायच्या आत शोइरा निघाली. डोक्यावर पांढरी ओढणी, दोन्ही बाजूंनी मावश्या. आजोबांसमोर वाकली, तेव्हा अकांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. गाड्या गेल्या. सोलीजोनचं मंडळ सामान आवरून गेलं. अकांनी अ‍ॅम्प तेवढा चालू ठेवायला सांगितला.

पाहुण्या बायका गेल्या होत्या, म्हणून मग ते आत गेले; घरच्या बायका ताटं गोळा करत होत्या. अक्रोडाची पेटी नवरीच्या गादीशेजारीच होती.

"आलं का ऐकू?" त्यांनी हुरिनिसा-ओपाला विचारलं.

"आलं." तिने डोळ्याला ओढणीचं टोक लावलं. "तुमच्याइतकं मोठं नव्हतं."

"नसणारच."

ती ताटं घेऊन स्वयंपाकघरात गेली. अका मुनाजातला म्हणाले, "पोरी, बाहेर जा. गिटार खुर्चीवर आहे. सगळ्यात वरची जाड तार, ती नुसती ओढ. काही दाबू नकोस."

"मला येत नाही, दादा."

"येण्यासारखं काही नाही त्यात."

ती गेली. अका गुडघे धरत खाली बसले आणि पेटीच्या जाळीवर तळहात ठेवला. बराच वेळ काही झालं नाही. मग आवाज आला, खालचा, हळू, फळीतून हातात. बाहेरून त्यांचीच मोठी पेटीही वाजत होती, पण भिंतीआड. इथे जवळ ही होती. आवाज विरला. पुन्हा आला. अकांनी दुसराही हात ठेवला.

"बास का, दादा?" मुनाजातने बाहेरून विचारलं.

त्यांना उत्तर देता येईना, म्हणून ती वाजवत राहिली.