भोंगेकाकांचा घसा

भोंगेकाकांचं खरं नाव ठाऊक होतं ते फक्त त्यांच्या ध्वनिक्षेपकाच्या परवान्याला. बाकी सगळ्या वस्तीला ते भोंगेकाका. शेळी हरवो, नळाचं पाणी बंद होवो, चार लोकांना कळवायचं ते काकांच्या घशातूनच जायचं. आणि निवडणूक आली की विचारूच नका, काकांचे पाय जमिनीला लागत नसत. सकाळी एका पक्षाच्या जीपमध्ये, दुपारी दुसऱ्याच्या. सकाळी ज्याला चोर म्हटलं त्यालाच दुपारी जनतेचा कैवारी म्हणायचं, तेही तितक्याच प्रेमाने. "घसा माझा, शब्द ज्याचे त्याचे," असं ते म्हणत. पण घसा काय होता! रोज मिठाच्या पाण्याच्या गुळण्या, थंडगार काही प्यायचं नाव नाही. उभ्या जन्मात आपला घसा बसला नाही, याचा त्यांना भारी तोरा.

जीप कुणाचीही असो, शेवटचं वाक्य मात्र काकांचं स्वतःचं. "तेव्हा विसरू नका! रविवारी सकाळी लवकर या, म्हाताऱ्यांना हाताला धरून आणा, आणि रांग कितीही मोठी असो, मागे फिरू नका!"

आता गंमत बघा, एवढं घसा फोडून सांगणाऱ्या या माणसाने स्वतः कधी मत टाकलं नव्हतं. "सगळ्यांचं मीठ खाल्लंय गं, बेइमानी कुणाशी करू?" असं ते काकूंना सांगत. काकू कसल्या ऐकतात! "आळसाला केवढं ते तत्त्व," म्हणत आणि पुढ्यात चहा आदळत.

यंदा मतदानाचा रविवार तोंडावर आला आणि देशात आणीबाणी लागली. देशाला मोठा धोका होता म्हणे. कुठून होता, ते सांगणंही धोक्याचं, म्हणून कुणी सांगितलं नाही. सत्तेवरच्या मंडळींच्या पायाखालची वाळू सरकली होती हे खरं, पण तो धोका काही देशाला नव्हता. निवडणूक रद्द झाली.

पण रद्द झाली हे लोकांना सांगायचं कुणी? कचेरीतल्या साहेबांनी काकांनाच बोलावलं. काकांचा परवाना संपत आला होता, आणि नव्या परवान्याचा कागद सहीसाठी नेमका याच साहेबांच्या टेबलावर पडून होता. साहेब म्हणाले, "काम नीट केलंत की सही. गडबड केलीत तर भोंगा जप्त." भोंगा गेला तर भोंगेकाकांचं उरणार काय?

सरकारी जीप निघाली. काकांनी कागद डोळ्यांसमोर धरला आणि खणखणीत वाचला. "नागरिकहो, राष्ट्रीय आणीबाणीमुळे येत्या रविवारचं मतदान रद्द करण्यात आलं आहे." इथे कागद संपला. जीभ थोडीच संपते? "तेव्हा विसरू नका! रविवारी सकाळी लवकर या, म्हाताऱ्यांना हाताला धरून आणा..." सगळी वस्ती अशी फिरून झाली. ड्रायव्हरला काही खटकलं नाही. काकांना तर आपण काय बोललो याचा पत्ताच नव्हता.

साहेबांनी त्यांना असं झापलं की विचारता सोय नाही. "मुद्दाम नाही हो, सवय!" काका काकुळतीला आले. शनिवारी साहेब स्वतः जीपमध्ये बसले. काकांनी कागद वाचला, आणि "तेव्हा विसरू..." एवढं निसटताच साहेबांनी माईकवर हात दाबला. झालं! गल्लीतल्या खिडक्याखिडक्यांतून लोकांनीच ते वाक्य पुरं केलं, हसतहसत, अगदी काकांच्या चालीवर. शिवाय न्हाव्याने दुकानातून ओरडून सांगितलं, "येतो हो काका!"

रात्री काकू म्हणाल्या, "माझी शपथ आहे. उद्या तोंडाला कुलूप लावा. या वयात भोंगा गेला तर घरी बसून माझं डोकं खाल." काकांनी मान डोलावली. खरंच सांगतो, घाबरले होते ते.

रविवारी, मतदान व्हायचं त्या शाळेच्या फाटकाला कुलूप होतं आणि फाटकापासून गल्लीच्या टोकापर्यंत रांग होती. पोलीस शिपायांनी विचारलं की कुणी बोलावलं, तर लोक सांगत, "सरकारी गाडीने." यावर शिपायांनी काय करावं? सरकारविरुद्ध तक्रार लिहून घ्यायची सोय त्या आठवड्यापासून बंद होती. शेवटी साहेब जीप आणि काका घेऊन आले.

रांगेत सगळ्यात शेवटी एक म्हातारी होती, नातीचा हात धरून उभी. काकांना बघून म्हणाली, "तुम्ही सांगितलंत म्हणून आले बाबा. तुम्हाला या रांगेत मात्र कधी बघितलं नाही."

काकांनी तोंड उघडलं, ते मीठ खाल्ल्याचं सांगायला. पण कुलूप लावलेल्या फाटकापुढे ते सांगायची त्यांना लाज वाटली. ते जीपमधून उतरले आणि म्हातारीच्या मागे उभे राहिले.

"हे काय चाललंय?" साहेब माईकची लांबलचक वायर ओढत धावत आले. माईक चालू करून त्यांनी काकांच्या हातात कोंबला आणि कानाशी लागून म्हणाले, "सांगा त्यांना, घरी जा म्हणावं. सांगा, नाहीतर भोंगा गेलाच समजा."

काकांनी टपावरच्या भोंग्याकडे एकदा डोळे भरून बघितलं. मग माईक तोंडाशी धरला.

"घसा बसलाय, साहेब," ते म्हणाले.

म्हणाले ते त्याच खणखणीत आवाजात. तीन गल्ल्या पलीकडे काकूंना शब्दन् शब्द ऐकू गेला. "गेला, भोंगा गेला," म्हणत त्यांनी कपाळावर हात मारला, गॅस बंद केला, आणि पायात चपला सरकवून त्या रांगेत उभं राहायला निघाल्या.